व्हिटॅमिन सी : रोजचा डोस माझा किती, तुमचा किती?

(ज्यांना भाग ऐकता आला नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)



गेल्या काही महिन्यांत तुमचे जे प्रश्न आले त्यात एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी परत परत आला. "ताई, व्हिटॅमिन सी रोज किती घ्यायचं?" कोणी विचारतं, ५०० ची नारंगी गोळी रोज चघळली तर चालेल का. कोणी १००० ची पाण्यात फसफसणारी गोळी घेतं आणि विचारतं, दोन घेऊ का. एका श्रोत्याने लिहिलंय की त्यांच्या जिममधल्या मित्राने सांगितलं, जुलाब होईपर्यंत डोस वाढवत न्यायचा, मग थोडा कमी करायचा, तोच आपला डोस. आणि एका बाईंनी विचारलंय, "रोज सकाळी लिंबूपाणी घेते, मग मला सी पुरत असेल ना?"

कोविडच्या काळात झिंक आणि सी च्या गोळ्या घरोघरी आल्या आणि मग गेल्याच नाहीत. औषधांच्या डब्यात पॅरासिटामॉलच्या शेजारी ती पट्टी असतेच. किती घ्यायची, कोणी घ्यायची, हे मात्र कोणी नीट सांगितलेलं नसतं.

म्हणून आजचा भाग यावर. मी चार आकडे सांगणार आहे : १०, ८०, २०० आणि २०००. सगळे मिलिग्रॅममध्ये. हे चार आकडे कशासाठी आहेत ते कळलं की आपला हिशोब आपल्याला घरी बसून करता येतो. कागद-पेन घेतलं तर उत्तम.

आधी, हे बाहेरून का घ्यावं लागतं?

कुत्रा, मांजर, गाय, बकरी हे प्राणी आपापलं व्हिटॅमिन सी शरीरातच तयार करतात. बकरीचं यकृत तर दिवसाला कित्येक ग्रॅम बनवतं. माणूस, माकडांच्या बऱ्याच जाती, गिनी पिग आणि बरीचशी वटवाघळं यांना ते जमत नाही. ते बनवायला लागणारं शेवटच्या पायरीचं एन्झाइम आपल्याकडे नाही. त्याचं जनुक आहे, पण मोडकं. त्यामुळे आपल्याला ते खाऊनच मिळवावं लागतं.

हे लागतं कशाला? सगळ्यात मोठं काम कोलॅजेनचं. कोलॅजेन म्हणजे शरीराची सुतळी समजा. त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्यांच्या भिंती, हाडं, जखमेवर भरून येणारं मांस, सगळं याच सुतळीने बांधलेलं असतं. व्हिटॅमिन सी नसेल तर या सुतळीला पीळ बसत नाही. मग हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग पडतात, जखमा भरत नाहीत. हाच स्कर्व्ही. शाळेत आपण "क जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा रोग कोणता?" असं पाठ केलेलं असतं आणि तिथेच सोडून दिलेलं असतं.

चांगलं खाणाऱ्या माणसाच्या शरीरात साधारण दीड ग्रॅम व्हिटॅमिन सी चा साठा असतो. खाण्यातून पूर्ण बंद झालं तर तो हळूहळू घटतो आणि एक ते तीन महिन्यांत लक्षणं दिसू लागतात. म्हणजे एक दिवस पेरू खाल्ला नाही म्हणून काही बिघडत नाही. महिनोन्महिने काहीच खाल्लं नाही तर बिघडतं.

पहिला आकडा : १०

१७४७ साली जेम्स लिंड नावाचा ब्रिटिश आरमारातला डॉक्टर 'सॅलिसबरी' या जहाजावर होता. स्कर्व्ही झालेले बारा खलाशी त्याने निवडले, दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळं काहीतरी दिलं. कोणाला सायडर, कोणाला व्हिनेगर, कोणाला चक्क समुद्राचं पाणी. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत जहाजावरची फळं संपली, पण तोवर ती जोडी सगळ्यात सुधारली होती, एक जण तर कामावर हजर झाला. लिंडचं पुस्तक १७५३ मध्ये आलं आणि आरमाराने खलाशांना लिंबाचा रस सरसकट द्यायला सुरुवात केली १७९५ मध्ये. सरकारी कामाचा वेग तेव्हाही असाच होता, बरं का.

पण किती द्यायचा? हे मोजायला विसावं शतक उजाडावं लागलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात वीस स्वयंसेवक तयार झाले. युद्धावर जायला ज्यांनी तत्त्व म्हणून नकार दिला होता अशी ही माणसं. दहा जणांना व्हिटॅमिन सी जवळजवळ नसलेलं जेवण दिलं, सात जणांना त्याच जेवणावर रोज १० मिलिग्रॅम आणि तिघांना ७०. पहिल्या गटात काही महिन्यांनी स्कर्व्ही दिसू लागला. रोज १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांना तो झाला नाही. आणि ज्यांना झाला होता तेही १० मिलिग्रॅमवर बरे झाले.

तर १० हा तळ. इतकं मिळालं तर स्कर्व्ही होत नाही. पण स्कर्व्ही न होणं म्हणजे तब्येत उत्तम असणं नव्हे. हातावर रोजचं पोट भरतंय, पण बँकेत शिल्लक शून्य, अशी ती अवस्था.

दुसरा आकडा : ८०

आपल्याकडे आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था मिळून रोजच्या गरजेचे आकडे ठरवतात. २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम, बाईला ६५, गरोदरपणात ८० आणि बाळाला अंगावर पाजत असताना ११५. त्याआधी हाच आकडा प्रौढांसाठी ४० होता.

इथे काही जण गोंधळतात. ब्रिटनमध्ये अजून ४० सांगतात, अमेरिकेत पुरुषांना ९० आणि बायकांना ७५, जर्मनीत पुरुषांना ११०. मग खरं कोणाचं? सगळ्यांचंच. प्रश्न वेगळे आहेत म्हणून उत्तरं वेगळी आहेत. "रोग टळावा आणि थोडी गंगाजळी राहावी" असा प्रश्न असेल तर ४० पुरतात. "शरीरातला साठा बऱ्यापैकी भरलेला असावा" असा प्रश्न असेल तर ८०, ९०, ११० येतात.

आणि हा आकडा निरोगी लोकसंख्येसाठी आहे. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर तो सरकतो. सिगारेट ओढणाऱ्यांनी ३५ मिलिग्रॅम जास्त घ्यावं असं अमेरिकेची शिफारस सांगते, कारण धुरामुळे व्हिटॅमिन सी जास्त खर्च होतं. वजन जास्त असेल तर तेवढ्याच डोसवर रक्तातलं प्रमाण कमी भरतं. मोठं आजारपण, शस्त्रक्रिया, भाजलेलं असणं, यातही गरज वाढते.

तिसरा आकडा : २००

हा माझा आवडता, कारण इथे शरीर स्वतः उत्तर देतं.

१९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्क लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सात निरोगी तरुण, चार ते सहा महिने रुग्णालयात राहून, मोजून दिलेलं जेवण. आधी व्हिटॅमिन सी कमी केलं, मग पायरीपायरीने ३० पासून २५०० मिलिग्रॅमपर्यंत वाढवलं आणि दर पायरीला रक्त तपासलं.

काय दिसलं? ३० ते १०० च्या दरम्यान रक्तातलं प्रमाण झपकन चढतं. १०० ला पांढऱ्या पेशी भरून जातात, त्या आणखी घेतच नाहीत. २०० च्या पुढे रक्तातली चढण जवळजवळ सपाट होते. ४०० वर थोडी वाढते, १००० ला पूर्ण थांबते.

आपल्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा. भरेपर्यंत पंप चालवणं ठीक. भरल्यावर चालू ठेवला तर पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून खाली. व्हिटॅमिन सी चा तो पाइप म्हणजे मूत्रपिंड. शिवाय आतड्यातलं दारही मर्यादित आहे. एका वेळी २०० घेतले तर जवळपास सगळे शोषले जातात. एका वेळी १२५० घेतले तर निम्म्याहून कमी. म्हणजे १००० ची फसफसणारी गोळी घेणाऱ्याच्या टाकीत जास्त पाणी साठतं असं नाही. त्यातला काही भाग आतड्यातच राहतो आणि शोषलेल्यातला बराचसा काही तासांत लघवीवाटे जातो.

यातून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. एक, निरोगी माणसाने रोज २०० च्या आसपास पोचणं पुरेसं आहे, त्यापुढे पैशाच्या मानाने फार काही हाती लागत नाही. दोन, जे घ्यायचं ते दिवसात विभागून घेतलेलं बरं. आणि विभागून घेण्याची सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे दोन्ही जेवणांत थोडं थोडं ताजं खाणं.

मग ते ग्रॅम-ग्रॅमचे डोस आले कुठून?

लायनस पॉलिंग. रसायनशास्त्राचं नोबेल १९५४ चं, शांततेचं १९६२ चं. इतका मोठा माणूस. १९७० मध्ये त्यांनी व्हिटॅमिन सी आणि सर्दीवर पुस्तक लिहिलं आणि सांगितलं की रोज ग्रॅममध्ये घ्या. ते स्वतः पुढे रोज १८ ग्रॅमपर्यंत घेत. त्यांचा युक्तिवाद असा की बकरी एवढं बनवते तर आपल्यालाही एवढं लागत असणार. ऐकायला पटतं. पण आपल्या शरीराने दुसरा मार्ग काढलाय. वापरून झालेलं व्हिटॅमिन सी आपल्या तांबड्या पेशी आत ओढून घेतात आणि पुन्हा वापरण्याजोगं करतात. जे प्राणी स्वतः बनवतात त्यांच्या तांबड्या पेशींना याची गरजच पडत नाही. आपल्या आज्या तेलाच्या पिशव्या धुऊन परत वापरायच्या ना, तसा हा काटकसरीचा संसार आहे. त्याला बकरीचं बजेट लावून चालत नाही.

सर्दीचं पुढे पुष्कळ तपासलं गेलं. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात अकरा हजारांवर लोकांच्या चाचण्या एकत्र केल्या. रोज नियमाने घेणाऱ्या सर्वसामान्य लोकांना सर्दी कमी वेळा झाली का? नाही. झालेली सर्दी थोडी लवकर गेली, मोठ्यांत ८ टक्के, मुलांत १४ टक्के. सात दिवसांच्या सर्दीत ८ टक्के म्हणजे जेमतेम अर्धा दिवस. आणि शिंका सुरू झाल्यावर गोळी घ्यायला सुरुवात केली तर खात्रीलायक फायदा दिसला नाही. एक अपवाद : मॅरेथॉन पळणारे, बर्फात कसरत करणारे सैनिक, स्कीइंग करणारे. त्यांच्यात सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. तुम्ही सातारच्या हिल मॅरेथॉनची तयारी करत असाल तर हा मुद्दा तुमच्या कामाचा. डोंबिवलीहून लोकल पकडण्याची धावपळ यात धरलेली नाही.

जुलाबाने डोस मोजायचा का?

आता त्या जिमवाल्या मित्राकडे येऊ. ही पद्धत त्याने शोधलेली नाही. कॅलिफोर्नियातले डॉक्टर रॉबर्ट कॅथकार्ट यांनी १९८१ मध्ये ती मांडली. त्यांचं निरीक्षण असं की आजारी माणसाला जास्त डोस घेऊनही जुलाब होत नाहीत, म्हणजे त्याचं शरीर जास्त वापरत असणार. म्हणून जुलाब होईपर्यंत वाढवा आणि जरा खाली या.

आजारपणात रक्तातलं व्हिटॅमिन सी कमी होतं हे खरं आहे. पण जुलाब नेमकं काय मोजतात? आतड्यात न शोषलेलं व्हिटॅमिन सी साचतं, ते पाणी ओढून घेतं, आणि पोट सुटतं. बद्धकोष्ठाला लॅक्टुलोजचं सिरप देतात ते याच तत्त्वावर चालतं. आता सिरपने पोट साफ झालं म्हणून "माझ्या शरीराला एवढी लॅक्टुलोजची गरज आहे" असं आपण म्हणतो का? नाही म्हणत. पोट कधी सुटेल हे रिकाम्या पोटी घेतलं की जेवून, आतड्याची चाल मंद की जलद, यावर ठरतं. गरज त्याच्या कितीतरी आधी, २०० च्या आसपास भागलेली असते. या पद्धतीने "योग्य डोस" काढून तो पाळला तर आजार बरे होतात असं नीट केलेल्या चाचण्यांनी दाखवलेलं नाही.

गंमत पुढेच आहे.

चौथा आकडा : २०००

अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २००० साली प्रौढांसाठी वरची मर्यादा ठरवली : रोज २००० मिलिग्रॅम. कशाच्या आधारावर? त्यापुढे जुलाब आणि पोटाच्या तक्रारी सुरू होतात म्हणून. म्हणजे कॅथकार्ट ज्याला खूण मानून डोस वाढवायला सांगतात, त्याच खुणेला समिती "इथे थांबा" म्हणते.

आणि २००० ही सुरक्षिततेची सीमा आहे, गाठायचं ध्येय नव्हे. काही लोकांनी तर त्याच्या पुष्कळ अलीकडेच थांबायचं असतं.

पहिले, मुतखडा होऊन गेलेले. व्हिटॅमिन सी चा काही भाग शरीरात ऑक्झलेट होतो आणि आपल्याकडचे बरेचसे खडे ऑक्झलेटचेच. स्वीडनमध्ये तेवीस हजारांवर पुरुषांचा पाठपुरावा करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्हिटॅमिन सी च्या गोळ्या घेणाऱ्यांत खड्यांचं प्रमाण साधारण दुप्पट दिसलं. फळं खाणाऱ्यांना घाबरायचं कारण नाही, हा प्रश्न मोठ्या गोळ्यांचा आहे.

दुसरे, मूत्रपिंडाचा आजार असलेले. तिसरे, थॅलेसेमियाचे किंवा शरीरात लोह साचण्याचा आजार असलेले, कारण व्हिटॅमिन सी लोहाचं शोषण वाढवतं. चौथे, जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेले. यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठा डोस घ्यायचाच नाही.

आणि मधुमेहींसाठी एक सूचना. फार मोठ्या डोसमुळे, विशेषतः शिरेतून दिलेल्या, काही ग्लुकोमीटर साखर खोटीच जास्त दाखवतात. तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. आणि चघळायची गोळी दिवसभर तोंडात घोळवू नका, ती आम्लच आहे, दातांचं आवरण झिजतं.

ज्यांना खरंच लागतं, ते विचारत नाहीत

आता मी तुम्हाला एका घराबद्दल सांगते. नाव-गाव सांगत नाही.

मुलगा पस्तिशीचा, पुण्यात नोकरी, माझ्याकडे आला तो स्वतःचा डाएट प्लॅन घ्यायला. सप्लिमेंटची यादी खिशात. व्हिटॅमिन सी रोज २ ग्रॅम. शिवाय रोज फळं, सॅलड, सगळं व्यवस्थित. निघता निघता म्हणाला, "मॅडम, आईचं जरा विचारायचं होतं. तिच्या पायावर काळे डाग पडतायत आणि हिरड्या दुखतात म्हणते. वय झालं म्हणून असेल ना?"

आई बहात्तर वर्षांची. दातांच्या कवळ्या नीट बसत नाहीत म्हणून ठेवून दिलेल्या. उरलेल्या तीन-चार दातांना दिवसातून तीन वेळा मिश्री. जेवण म्हणजे चहात बुडवलेली चपाती, दूधभात, पिठलं, कधी मऊ खिचडी. मी विचारलं, "काकू, शेवटचं फळ कधी खाल्लंत?" त्या हसल्या. "अगं बाई, दात कुठायत मला? आणि फळं पोरांना नकोत का?"

त्यांना मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं, कारण काळ्या डागांची आणि रक्त येण्याची कारणं अनेक असतात, ती घरी बसून ठरवायची नसतात. रक्त तपासलं, बाकीची कारणं नव्हती. डॉक्टरांनी काही आठवडे व्हिटॅमिन सी ची गोळी लिहून दिली. आणि घरात आम्ही एवढंच बदललं : पिकलेल्या पेरूचा गर बिया गाळून, रोज एक वाटी पपई, जेवताना टोमॅटोचं कच्चं सार, आवळ्याचा कीस आमटीवर वरून. दोन आठवड्यांत हिरड्यांचं रक्त थांबलं. डाग हळूहळू गेले. मिश्री अजून सुटलेली नाही, दिवसातून एकदावर आलीये.

एकाच घरात, एकाच फ्रिजभोवती, एकाची टाकी वाहतेय आणि दुसरीची कोरडी. असं घर एकटं नाही. आपल्या देशात साठीपुढच्या माणसांचं रक्त तपासून केलेला एक मोठा अभ्यास २०११ मध्ये आला. उत्तर भारतात ७४ टक्के आणि दक्षिण भारतात ४६ टक्के ज्येष्ठांत व्हिटॅमिन सी ची कमतरता निघाली. कोणात जास्त? तंबाखू वापरणाऱ्यांत, चुलीच्या धुरात राहणाऱ्यांत, शरीराने खंगलेल्यांत, वय वाढेल तशी जास्त, आणि अर्थातच ज्यांच्या जेवणातच ते कमी होतं त्यांच्यात.

म्हणून माझं म्हणणं असं की "माझा डोस किती" हे विचारणाऱ्याने त्याच वेळी घरात जो विचारत नाही त्याच्या ताटाकडे एकदा बघावं. कवळी पडून असलेले आजोबा, मिश्री लावणारी आजी, बाळंतीण, एकटा राहून मेसच्या वरणभातावर दिवस काढणारा भाऊ. १००० च्या पट्टीचे पैसे तिकडे पेरू-पपईत गेले तर त्याचं काम होतं.

आता तुमचा हिशोब

कागदावर कालचं खाणं लिहा. आणि हे अंदाज धरा. एक मध्यम पेरू, साधारण १०० ग्रॅमचा : २०० मिलिग्रॅम. एक संत्रं : ५०. वाटीभर पपई : ६०. कच्चा टोमॅटो एक : २०. कच्च्या कोबीची अर्धी वाटी : १५ ते २०. अर्धी ढोबळी मिरची, कच्ची : ५० ते ६०. शिजवलेला बटाटा : १०. आवळा हा राजा, पण त्याच्या आकड्यात फरक सापडतो. जुन्या भारतीय तक्त्यात १०० ग्रॅमला ६००, २०१७ च्या तक्त्यात २५० च्या आसपास. कमीत कमी धरलं तरी एका आवळ्यात दिवसाची गरज निघते. कोकणातल्यांनी बोंडू विसरू नका. काजूची बी काढून आपण जो फेकतो त्या बोंडूत संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असतं.

आणि लिंबू? आपलं कागदी लिंबू छोटं. पूर्ण पिळलं तरी रस तीन-चार चमचे, म्हणजे सात-आठ मिलिग्रॅम. तेव्हा लिंबूपाणीवाल्या ताई, चालू ठेवा, पण त्यावर विसंबू नका. आंबट म्हणजे सी असंही नाही. चिंच आणि ताक आंबट आहेत, पण त्यात ते नावालाच असतं.

आता एक नेहमीचा दिवस घेऊ. सकाळी चहा-बिस्किट, पोह्यांवर लिंबाची फोड, दुपारी पोळी, बटाट्याची भाजी, वरणभात, रात्री खिचडी. बेरीज? २५ च्या आसपास. स्कर्व्ही होणार नाही, पण ६५ सुद्धा गाठलेले नाहीत. त्यात दुपारी कोबी-टोमॅटोची कोशिंबीर घाला, ६० च्या पुढे गेलात. चार वाजता अर्धा पेरू, १६०. रात्री एक संत्रं, २०० पार. गोळी कुठे आली? आलीच नाही.

काही सवयी. भाजी चिरून पाण्यात बुडवून ठेवू नका, व्हिटॅमिन सी पाण्यात उतरतं. पालेभाजी हिरवी राहावी म्हणून सोडा घालतात, त्याने ते मरतं. कोशिंबीर जेवायच्या वेळेलाच करा. आवळासुपारी चवीला छान, पण उन्हात वाळताना बराच भाग गेलेला असतो. गोकुळाष्टमीला कोकणात शेवग्याच्या पाल्याची भाजी करतात, ती वर्षातून एकदाच का? पाला स्वस्त आहे, शिजून निम्मं गेलं तरी उरतं ते पुष्कळ.

आणि लोहासाठी एक. पोहे, भाकरी, डाळ, पालेभाज्या यातलं लोह शोषायला व्हिटॅमिन सी मदत करतं, पण त्याच घासाबरोबर असेल तरच. सकाळी गोळी आणि दुपारी भाकरी, याचा उपयोग नाही. पोह्यावर लिंबू ही म्हणून शहाणी जोडी आहे. फक्त लगेच वर चहा पिऊ नका, चहा तेच लोह अडवतो. तासभर थांबा.

फळं परवडत नाहीत, चावत नाहीत, पथ्यामुळे चालत नाहीत, असं असेल तर गोळी वाईट नाही. पण १०० ची घ्या. मिळालीच नाही तर ५०० ची अर्धी, तीही रोज लागेलच असं नाही. आणि वर सांगितलेल्या आजारांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तर चार आकडे परत एकदा. १० : तळ. पुरुषांना ८०, बायकांना ६५ : रोजची गरज. २०० : टाकी भरते. २००० : याच्या पुढे पाऊल नाही. तुमचा डोस दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्याच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि बहुतेकांना तो मंडईत मिळतो.

या आठवड्यात एवढंच करा. स्वतःची बेरीज करा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचीही करा. काय निघालं ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात लोहाबद्दल सविस्तर बोलू, कारण आजच्या पोह्यांवरून त्याचे प्रश्न येणार हे मला माहीत आहे.

तोवर काळजी घ्या. नमस्कार.